जुन्या लेडीज सायकलला मोटर बसवताय? आधी नळ्या आणि ब्रेक बघा, वॉटचं नंतर बघू

जुनी लेडीज सायकल, म्हणजे जिला मधला आडवा दांडा नाही, सरळ पाऊल आत टाकून बसता येतं ती, तिला मोटर बसवायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती वॉटची घेऊ? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. कारण ही सायकल ज्यांनी बनवली त्यांनी माणसाच्या पायाचा जोर आणि ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा वेग डोळ्यासमोर ठेवला होता, आणि आपण मोटर लावतो तेव्हा नवा जोर अशा ठिकाणी आणून सोडतो जिथे तो कधी अपेक्षितच नव्हता. तो कुठे येतो आणि ती जागा तो सोसते का, एवढं कळलं की बाकीच्या गोष्टी बऱ्याचशा आपोआप ठरतात.

सुरुवात त्या नसलेल्या दांड्यापासून करू. जेन्ट्स सायकलीत वरचा दांडा, खालची नळी आणि सीटची नळी मिळून जवळजवळ त्रिकोण होतो, आणि त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही, त्यामुळे नळ्यांवर मुख्यतः ओढ किंवा दाब येतो, वाकवणारा जोर कमी येतो. लेडीज फ्रेममध्ये दोन्ही नळ्या खालून जातात, कधी सरळ तर कधी छान बाक देऊन, आणि सीटच्या नळीला खूप खाली येऊन मिळतात. म्हणजे सीटच्या नळीचा वरचा भाग पुढच्या बाजूने एकटाच उभा, आणि हँडलपासून मागच्या चाकापर्यंतचा सगळा पीळ त्या दोन खालच्या नळ्यांनी सोसायचा. हे डोळ्यांनी बघता येतं. सायकलीच्या बाजूला उभं राहा, एक हात सीटवर, एक हँडलवर, आणि ओला टॉवेल पिळतो तसा हळूच पीळ द्या, पुढचं चाक आणि मागचं चाक एका रेषेतून किंचित बाहेर जाताना दिसतं. म्हणजे फ्रेम खराब आहे असं अजिबात नाही, ती तशीच असते, आणि उलट खड्ड्यांवर त्यामुळेच ती मऊ वाटते. पण तिच्यावर वेग आणि वजन वाढवायचं तर हा पीळ लक्षात ठेवून वाढवावं लागतं. यातला एक प्रकार जरा कडक असतो, ज्याला मिक्स्ट म्हणतात, त्यात हँडलच्या नळीपासून थेट मागच्या अक्सलपर्यंत दोन बारीक नळ्या दोन्ही बाजूंनी जातात. तुमची तशी असेल तर चांगलंच.

बिनदांड्याची रचना आणि मोटर यांचं नातं तसं जुनं आहे. १९४६ साली फ्रान्समध्ये व्हेलोसोलेक्स विकायला आली, पुढच्या चाकावर छोटं इंजिन आणि टायरवर घासून चाक फिरवणारा रोलर. होंडाने १९५२ मध्ये मागच्या चाकाला लावायचं कब एफ नावाचं इंजिन काढलं, आणि १९५८ मध्ये त्यांची सुपर कब आली, तीही पाय आत टाकून बसायचीच, पण तिचा सांगाडा दाबलेल्या जाड पत्र्याचा होता, सायकलीच्या बारीक नळ्यांचा नव्हता. आपल्याकडे जी जुनी सायकल आहे तिला तसा सांगाडा नाही, म्हणून आपली मोटर छोटी आणि वेग कमी.

पेट्रोलचं किट घ्यावं का असं वाटत असेल तर स्पष्ट सांगतो, या फ्रेमसाठी नको. ती टू स्ट्रोक किट जेन्ट्स फ्रेमच्या त्रिकोणात दोन नळ्यांना पकडून बसतील अशी बनवलेली असतात आणि इथे तो त्रिकोणच नाही. ब्रॅकेट जोडून कसंतरी बसवलं तरी इंजिनाची थरथर सतत त्या झाळलेल्या सांध्यांना जाते, आणि धातू एका मोठ्या धक्क्याने तुटला नाही तरी लाखो छोट्या हेलकाव्यांनी चिरतो. म्हणून पुढचं सगळं इलेक्ट्रिक मोटरबद्दल.

मोटर विकत घ्यायच्या आधी फ्रेम तपासा आणि त्यात घाई करू नका. सीटची दांडी पूर्ण बाहेर काढा, सायकल उलटी धरून नळीवर लाकडाने टकटक करा. थोडी लाल भुकटी पडली तर चालतं, पण पापुद्रे पडायला लागले तर आतून नळी खाल्ली गेली आहे आणि त्या फ्रेमला मोटर नको, तिला तशीच पायडल मारत चालवा. मग सांधे बघा, हँडलच्या नळीखालचा सांधा, खालच्या नळ्या सीटच्या नळीला मिळतात ती जागा, पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या चिमट्याचं डोकं आणि पायडलच्या अक्सलच्या घराचा तळ, कारण पाणी तिथेच साचतं. रंगावर केसासारखी बारीक रेघ दिसली आणि तिच्या कडेला गंजाची लाली असेल तर ती रंगाची भेग नसून स्टीलची असू शकते, रंग खरवडून बघा. हा एवढासा तुकडा रंग गेला तर जाऊ द्या.

आता ब्रेक, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. सायकल आणि माणूस मिळून १०० किलो धरले तर ताशी २५ ला जेवढी ऊर्जा ब्रेकला जिरवावी लागते त्याच्या अडीच पट ताशी ४० ला लागते, वेग दुपटीच्याही आत वाढला तरी, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आणि जुन्या सायकलींचे ब्रेक कसे असतात? बऱ्याच जणींना सळईचे ब्रेक असतात, म्हणजे लिव्हर दाबला की सळया वर ओढल्या जातात आणि रबर रिमच्या आतल्या बाजूला, आरे जिथून निघतात त्या अंगाला, जाऊन टेकतं. त्यासाठी रिमही वेगळा असतो, वेस्टवूड नावाचा, दोन्ही कडेला गोलसर आणि स्टीलचा, वर क्रोम चढवलेला. कोरड्यात हे बरं चालतं. पावसात त्या गुळगुळीत क्रोमवर ओलं रबर जवळजवळ नुसतं सरकतं, थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं, आणि रबर बदलून यात थोडाच फरक पडतो कारण मूळ अडचण क्रोमची आहे.

आता गाठ अशी आहे की हा रिम काढून अॅल्युमिनियमचा घातला तर सळईचा ब्रेक निरुपयोगी होतो, कारण अॅल्युमिनियमच्या रिमला ब्रेक बाजूने धरायचा असतो, आतून नाही. म्हणजे रिम बदलला की ब्रेकही बदलला, केबलवाला कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारा ब्रेक, आला. चिमट्याच्या डोक्यात मडगार्डसाठी भोक असतं, तिथे तो बहुतेक वेळा बसतो. त्यातही माप बघावं लागतं. जुन्या २८ इंची रोडस्टरच्या, म्हणजे ताठ बसून चालवायच्या साध्या सायकलीच्या, रिमचं माप बरेचदा ६३५ मिलिमीटर असतं आणि आजचे सहज मिळणारे रिम ६२२ चे, म्हणजे रिमची कड १३ चा अर्धा, साडेसहा मिलिमीटर आत जाते, तेव्हा लांब हाताचा कॅलिपर घ्यावा लागतो नाहीतर रबर रिमऐवजी टायरला घासतं आणि टायर फाडतं. मागे उलट पायडल मारून लागणारा कोस्टर ब्रेक असेल तर तो ठेवाच, तो हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, आत असल्यामुळे पावसाचं त्याला काही वाटत नाही. ड्रम ब्रेकचा हबही चांगला पर्याय आहे, फक्त ज्या चाकात मोटरचा हब बसणार त्यात ड्रमला जागा उरत नाही.

मोटर कुठे लावायची याच्या वाटा मुख्यतः चार. टायरवर घासणारा रोलर सगळ्यात सोपा पण टायर खातो आणि ओल्यात घसरतो, म्हणून तो सोडून देऊ. पायडलच्या अक्सलच्या जागी बसणारी मधली मोटर चढाला उत्तम, वजनही खाली आणि मध्ये, पण तिच्यासाठी अक्सलच्या घराची रुंदी आणि आतलं माप जुळावं लागतं. ६८ ते ७३ मिलिमीटर रुंदीच्या घरासाठी बनलेल्या मोटर सहज मिळतात आणि काही जुन्या फ्रेममध्ये त्या बसतात, काहींमध्ये मोटरचं पोट मागे चाकाकडे जाणाऱ्या नळीला किंवा मडगार्डला अडतं. पूर्ण चेनकव्हर तर काढावंच लागतं. शिवाय मोटरचा सगळा जोर चेनमधून आणि मागच्या गिअरहबमधून, म्हणजे आत गिअर असलेल्या हबमधून, जातो, आणि तो जुना तीन गिअरचा हब पायाच्या जोरासाठी बनवलेला असतो. मागच्या चाकात मोटर लावायची तर आजच्या मोटरला १३५ मिलिमीटरची जागा हवी आणि जुन्या फ्रेममध्ये ती ११० ते १२० असते. स्टील असल्यामुळे ती फाकवता येते, पण मग गिअरहब गेला, कोस्टर ब्रेक गेला, चेनकव्हर गेलं, म्हणजे सायकलीतलं जे जपायचं होतं तेच बाहेर पडलं.

राहिलं पुढचं चाक, आणि या सायकलींसाठी मी तेच सुचवतो. आतमध्ये गिअर असलेली छोटी मोटर, दोन-तीन किलोची, जी बंद असताना मोकळी फिरते. मागची सगळी व्यवस्था आहे तशी राहते, आणि उद्या मोटर नको वाटली तर जुनं चाक परत घालून सायकल पुन्हा होती तशी. पुढच्या चाकावर वजन कमी असल्यामुळे खडीवर किंवा ओल्या चढावर ते जागच्या जागी फिरू शकतं, हा तोटा आहे, म्हणून पुढे जास्त ताकदीची मोटर लावण्यात काही अर्थ नाही.

पण पुढच्या मोटरचा खरा प्रश्न चिमट्याच्या टोकाचा आहे आणि तो नीट समजून घ्या. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तितक्याच जोराने तिचा स्वतःचा अक्सल मागे फिरायला बघतो. साध्या चाकाच्या अक्सलला असं काही करायचंच नसतं, तो नुसता वजन उचलतो. मोटरच्या अक्सलला दोन सपाट बाजू असतात, साधारण १० मिलिमीटर अंतरावर, आणि त्या चिमट्याच्या खाचेत अडकून त्याला फिरू देत नाहीत. समजा मोटर ४० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते, आता हा टॉर्क जेमतेम एका सेंटिमीटरच्या रुंदीवर अडवायचा म्हणजे खाचेच्या कडांवर सुमारे ४००० न्यूटन, म्हणजे ४०० किलो वजनाच्या आसपास जोर येतो. जुन्या चिमट्याचं टोक म्हणजे चेपलेल्या नळीचं किंवा पातळ पट्टीचं, ते या जोराने उघडतं, अक्सल गर्रकन फिरतो, त्याच्या पोटातून जाणारी वायर पिळून तुटते आणि चाक खाली सुटतं. पुढचं चाक सुटलं की माणूस तोंडावरच पडतो.

यावर उपाय टॉर्क आर्म. स्टीलची पट्टी, एका टोकाला अक्सलच्या सपाट बाजूंना गच्च धरणारी खाच, दुसरं टोक चिमट्याच्या नळीवर वर कुठेतरी क्लॅम्पने बांधलेलं. दुसरं टोक अक्सलपासून १० सेंटिमीटरवर असेल तर तोच ४० न्यूटन मीटर तिथे फक्त ४०० न्यूटन होतो, म्हणजे ४० किलोच्या आसपास, आणि एवढा जोर नळी सहज घेते. म्हणून टॉर्क आर्म लावायचाच, मोटर कितीही छोटी असो, आणि दोन्ही बाजूंना लावला तर अजून बरं. अॅल्युमिनियमच्या चिमट्यात पुढची मोटर लावूच नये, तो आधी वाकून इशारा न देता तुटतो. जुन्या सायकलीचा चिमटा स्टीलचाच असतो, ही आपली जमेची बाजू.

दुसरी अडचण मापाची. जुन्या चिमट्याच्या पायांमधलं अंतर बरेचदा ९० मिलिमीटरच्या आसपास असतं आणि मोटरला १०० लागतं. खाचही जुन्या बारीक अक्सलसाठी कापलेली, म्हणजे ती कानसने १० मिलिमीटर रुंद करावी लागते. हे करता येतं, फक्त दोन्ही खाचांना सारखं घासायचं, एकदम न घासता घालून बघत बघत, आणि अक्सल खाचेच्या अगदी वरपर्यंत बसला पाहिजे, ढिला बिलकुल नको. पण मला विचाराल तर मूळ चिमट्याला कानस लावूच नका. दुसरा स्टीलचा चिमटा मिळवा, तो लावा, आणि मूळचा कापडात गुंडाळून जपून ठेवा. चिमटा घेताना आटे तपासा, रॅलेसारख्या जुन्या ब्रिटिश सायकलींचे आटे इंचाला २६ असतात आणि सर्रास मिळणाऱ्या चिमट्यांचे २४, चिमट्याच्या दांड्यावर वरून फिरवून बसवायची कपाची जोडी त्याच आट्यांची नसेल तर ती बसतच नाही. जबरदस्तीने फिरवलं की दोन्ही वाया.

चाक नव्याने विणावंच लागतं. जुन्या ब्रिटिश सायकलींच्या पुढच्या रिमला ३२ आणि मागच्याला ४० भोकं असतात, मोटरचा हब बहुतेक ३६ चा, म्हणजे जुना रिम तसाही बाद. एका अर्थी बरंच झालं, ब्रेकसाठी अॅल्युमिनियमचा रिम हवाच होता, दोन्ही कामं एका चाकात झाली. मोटरचा हब मोठा असल्याने आरे आखूड लागतात, माप काढून घ्या, आणि विणायचं काम येत नसेल तर जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

आता वॉट. सपाट रस्त्यावर ताठ बसून ताशी २५ ने जायला हवेचा आणि टायरचा विरोध मिळून साधारण १७५ वॉट लागतात. ताशी ४० ला हाच आकडा ६०० च्या जवळ जातो, कारण हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते आणि या सायकलीवर आपण छाती काढून बसतो, वाकून नाही. १०० किलोचं एकूण वजन घेऊन ५ टक्के चढ ताशी १२ ने चढायलाही साधारण २०० वॉट. यात तुमचे पाय आरामात ७०-१०० देतात. म्हणजे २५० वॉटच्या मोटरला या सायकलीच्या लायकीचं सगळं काम जमतं, आणि त्याहून जास्त घेतलं तर तुम्ही पैसे देऊन असा वेग विकत घेताय जो फ्रेमला आणि ब्रेकला पेलत नाही. युरोपात मोटरसाठीची मर्यादाही २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर हीच आहे, अमेरिकेत केंद्रीय व्याख्येत ७५० वॉट आणि ताशी २० मैल. आपल्या ठिकाणचा नियम आधी बघून घ्या. मोटरचे फेरेही बघा. २८ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं, म्हणजे मिनिटाला २०० फेऱ्यांची मोटर ताशी २६ किलोमीटरच्या आसपास थांबते, हे आपल्याला बरोबर बसतं. उभ्या चढावर मोटर एकदम हळू फिरू लागली तर पायडल मारून तिला मदत करा, नाहीतर वीज उष्णतेत जाते आणि आतले प्लास्टिकचे गिअर मऊ पडतात.

बॅटरी ठेवायची कुठे हा या फ्रेमचा खास प्रश्न. त्रिकोण नाही म्हणून नेहमीची जागाच नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेत पिशवी टांगली तर पाय आत टाकायची सोय गेली, मग लेडीज सायकल ठेवून उपयोग काय. हँडलच्या टोपलीत ठेवली तर हँडल जड होतं आणि वळताना ओढतं. सीटच्या नळीमागे, चाकाच्या पुढे जागा असेल तर तिथे उत्तम, नाहीतर कॅरियरवर, पण सीटला जितकी चिकटून तितकी. ३६ व्होल्ट १० अँपिअर अवर म्हणजे ३६० वॉट अवर, वजन साधारण तीन किलो, आणि पायडल मारत गेलं तर किलोमीटरला १० ते १५ वॉट अवर धरून २५ ते ३५ किलोमीटर. यापेक्षा मोठी बॅटरी कॅरियरवर नको. मागे उंचावर वजन आणि मध्ये पीळ घेणारी फ्रेम असं जुळलं की उतारावर हँडल आपोआप लटपटायला लागतं. जेन्ट्स सायकलवर अशा वेळी गुडघे दांड्याला दाबले की ते थांबतं. इथे दाबायला दांडाच नाही, तेव्हा हँडल हलक्या हाताने धरून मागचा ब्रेक लावत वेग कमी करणं हाच इलाज.

बॅटरी तयार घ्या, बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, असलेली, जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून बनवलेली नको. चार्जर तिच्यासोबतचाच, ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते आणि चुकीचा चार्जर लावला तर आग लागू शकते. घराच्या बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंगला लावू नका आणि बरेच दिवस चालवणार नसाल तर अर्धी भरून ठेवा.

वायरिंग फार अवघड नसतं, किटमध्ये कनेक्टर रंगाने जुळवलेले असतात. दोन गोष्टी मात्र बघा. मोटरची वायर अक्सलमध्ये शिरण्याआधी खाली एक झोका घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं, वायरीवरून आत जात नाही. आणि ब्रेक लिव्हर मोटर बंद करणाऱ्या स्विचचेच घ्या. पायडलवर चालणारा सेन्सर लावायचा तर कॉटर पिनच्या जुन्या अक्सलवर, म्हणजे जिथे पायडलची दांडी (क्रँक) आडव्या खिळीने अडकवलेली असते तिथे, अखंड चकती चढवायला क्रँक काढावा लागतो आणि गंजलेली कॉटर पिन ठोकताना बरेचदा वाकते, म्हणून दोन भागांत उघडणारी चकती मिळाली तर तीच घ्या. फ्रेमला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका, सगळं क्लॅम्पने आणि पट्ट्यांनी बसतं.

पहिल्यांदा चालवताना मोकळी जागा, मोटर बंद ठेवून आधी फक्त ब्रेक, मग सगळ्यात कमी असिस्टवर, म्हणजे मोटरच्या कमीत कमी मदतीवर. घरी आल्यावर हबला हात लावा, कोमट चालेल, चटका बसायला नको. अक्सलचा नट, टॉर्क आर्मचा क्लॅम्प आणि आऱ्यांची ओढ पहिल्याच फेरीनंतर परत आवळून बघा, ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, कारण नवं विणलेलं चाक बसतं आणि आरे थोडे ढिले होतात. अक्सल आणि चिमट्याच्या टोकावर पेनने एक सरळ रेघ मारून ठेवा. ती रेघ जागेवर नाही असं कधी दिसलं तर त्या दिवशी सायकल चालवायची नाही, आधी चाक उघडायचं.